स्क्वॉट स्टँड, हाफ रॅक की पॉवर केज: फ्लॅटमधल्या जिमसाठी काय घ्यावं

घरी एकट्याने वजन उचलणार असाल तर रॅक (बार ठेवायचा सांगाडा) निवडताना आधी एकच गोष्ट बघा: रेप (एक उचल) चुकली तर बार कशावर पडणार? रंग, पुलीची जोडणी, डिप्सचे हँडल वगैरे सगळं त्यानंतर.

सर्वात स्वस्त म्हणजे सुटे स्क्वॉट स्टँड. दोन खांब, फार तर खाली एक आडवी पट्टी. व्यायाम झाला की कोपऱ्यात सरकवता येतात, आणि हाच त्यांचा एकमेव मोठा फायदा. बहुतेक स्टँडना खाली बार अडवायला काहीच नसतं. शिवाय जागा वाचवायला लोक दोन खांब जवळ जवळ लावतात, तिथे गडबड होते. खांबांमधलं अंतर 80 सेंमी असेल आणि एका बाजूच्या प्लेट आधी काढल्या, तर दुसऱ्या बाजूला 20 किलोच्या दोनच प्लेट उरल्या तरी 20 किलोचा बार उलटतो. हेच अंतर 120 सेंमी असेल तर उलटायला साधारण चार प्लेट लागतात. म्हणून प्लेट नेहमी आलटून पालटून काढाव्यात. अशा स्टँडवर एकट्याने बेंच प्रेस (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) करू नये. करणारच असाल तर प्लेट अडवणाऱ्या क्लिप (कॉलर) लावू नका, म्हणजे अडकल्यावर बार तिरका करून प्लेट पाडता तरी येतील. खालच्या मजल्यावरचे काय म्हणतील तो भाग वेगळा.

हाफ रॅकमध्ये दोन खांब पुढे, आधाराचे मागे, आणि चुकलेला बार अडवायला पुढे आलेले दोन सेफ्टी आर्म. व्यायाम रॅकच्या बाहेर होतो, त्यामुळे मोकळं वाटतं आणि बेंच आत-बाहेर करायला सोपं जातं. पण आर्म एकाच टोकाला धरलेले असतात. बार त्यांच्या टोकावर आदळला की अख्खा रॅक पुढे झुकायला बघतो. घेताना दुकानात खाली वाकून बघा: आर्मचं टोक जमिनीवरच्या पायाच्या पुढे जात असेल तर तो रॅक सोडून द्या. मागच्या खुंट्यांवर 80-100 किलो प्लेट कायम ठेवल्या तर रॅक बराच स्थिर होतो, पण त्या प्लेट मग वापरायच्या नाहीत.

पॉवर केजमध्ये चार खांब आणि दोन्ही टोकांना टेकलेल्या आडव्या पिन. चुकलेला बार आतच राहतो. एकट्याने बेंच आणि जड स्क्वॉट करणाऱ्याने, खोलीत मावत असेल तर, केजच घ्यावी. मात्र पिन योग्य उंचीला नसेल तर केज असून नसल्यासारखी. बेंचवर पाठीला कमान देऊन झोपा आणि रिकामा बार छातीला टेकवा. पिन बारच्या जेमतेम खाली हवी. आता कमान सोडून सपाट व्हा. बार पिनवर टेकला पाहिजे आणि तोंडाकडे सरकवला तरी गळा मोकळा राहिला पाहिजे. भोकांमधलं अंतर 50 मिमी किंवा कमी असेल तर हे जमतं. 100 मिमी असेल तर एका भोकात पिन छातीच्या वर येते, खालच्या भोकात निरुपयोगी ठरते. मग बेंचच्या पायांखाली 19 मिमी प्लाय घालून उंची जुळवावी लागते. स्क्वॉटसाठी तुमच्या सगळ्यात खालच्या स्थितीत बार जिथे येतो, त्याच्या दोनेक सेंमी खाली पिन ठेवा.

मोजमाप करताना लोक केजचा 4 × 4 फुटांचा पाया मोजतात आणि फसतात. ऑलिंपिक बार 2.2 मीटर लांब असतो, शिवाय प्लेट चढवायला दोन्ही बाजूंना हात घालायची जागा हवी. दहा फुटी खोलीत प्रत्येक बाजूला 40 सेंमीच्या आसपास उरतं, तेवढं चालतं. नऊ फुटांत मात्र भिंतीचा रंग जाणार.

मग वर बघा. फ्लॅटमध्ये पंख्याची पाती बऱ्याचदा आठ फुटांच्या आसपास फिरतात. सात फुटी केजवर पुल-अप काढताना डोकं दांड्याच्या वर 25-30 सेंमी जातं, म्हणजे थेट पात्यांच्या उंचीला. त्यामुळे एक तर पंखा काढून भिंतीवरचा लावा, नाही तर सहा फुटी केज घ्या आणि गुडघे दुमडून पुल-अप काढा. उभ्याने ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं) दोन्हींत केजबाहेरच करावा लागेल.

भिंतीला दुमडणारा रॅक जागा वाचवतो खरा, पण तो विटांच्या चार इंची किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीला ठोकू नका.

फॅब्रिकेटरकडून बनवून घेणं स्वस्त पडतं आणि नीट करून घेतलं तर वाईटही नाही. 50 × 50 मिमी एमएस (साध्या पोलादाचा) चौकोनी पाईप किमान 3 मिमी जाडीचा सांगा आणि वजन करून घ्या: 3 मिमीचा पाईप मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतो, 2 मिमीचा तीन किलो. बिलावर काय लिहिलंय यापेक्षा काटा काय म्हणतो ते खरं. भोकं गॅसने पाडू देऊ नका. दोन खांब एकमेकांना शिकंज्यात आवळून पिलर ड्रिलवर एकत्रच पाडायला लावा, नाही तर बार कायम एका बाजूला कलतो. 50 मिमी पाईपला 16-18 मिमीचं भोक पुरे. 25 मिमीचं पाडलं तर त्या जागी पाईपची अर्धी बाजूच जाते. खांबांचं बाहेरून बाहेर अंतर 1200 मिमी ठेवा. ऑलिंपिक बारवर प्लेट जिथे टेकतात त्या दोन जाड कड्यांमधलं अंतर 1310 मिमी असतं, त्यात बार ठेवायचे हुक सहज बसतात. घरगुती सेटसोबत येणारी पाच फुटी रॉड यावर बसत नाही, हे आधीच लक्षात घ्या. हुकांना आतून नायलॉन किंवा जाड प्लास्टिक हवं, नाही तर बारवरची खरखरीत पकड घासून जाते. मुंबई, कोकण, गोव्यात पाईपची टोकं टोप्यांनी बंद करा आणि पावडर कोटिंग भोकं पाडल्यानंतरच करून घ्या. गंज भोकांच्या कडेपासून सुरू होतो.

फरशीची भीती थोडी जास्तच बाळगली जाते. आयएस 875 या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापरभार (माणसं, सामान यांचं वजन) धरून काढतात. केज, प्लेट आणि माणूस मिळून 350 किलो दहा बाय दहाच्या खोलीत तुळईजवळ, भिंतीलगत ठेवले तर बिघडत नाही. बिघडतं ते बार आपटल्यावर. खाली 18-19 मिमी प्लायचे दोन थर, सांधे एकमेकांवर न येता, आणि वर 15-20 मिमी रबर मॅट घाला. गॅलरीत रॅक नको, ती बहुधा बाहेर झुललेली असते. स्लॅबमध्ये अँकर बोल्टही मारू नका: खालच्या घराच्या दिव्यांच्या वायरी त्याच स्लॅबमधून गेलेल्या असतात. रॅक त्या प्लायलाच बोल्टने बसवा.

जोडताना केज उभीच जोडा. सात फुटी केज आडवी जोडून उचलली तर तिरक्या अंतरात ती जवळपास 245 सेंमी होते आणि पंख्यात जाते. सगळे नट आधी हाताने फिरवा, रिकामा बार हुकांवर ठेवून लेव्हल बघा, मग पान्याने आवळा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा सगळे आवळून घ्या.