गोळी एका फटक्यात सोडावी की पायरीपायरीनं?

नैराश्यावरची गोळी काही महिने घेतली, बरं वाटू लागलं, की एका सकाळी मनात येतंच, 'आता कशाला?' सोडायला हरकत नसेलही. घोळ होतो तो सोडण्याच्या पद्धतीत.

एकदम बंद केली तर पहिला दिवस बहुधा निवांत जातो आणि माणूस तिथंच फसतो. दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, भलतीसलती स्वप्नं, उगाच चिडचिड सुरू होते. मान वळवली, किंवा नुसते डोळे बाजूला फिरवले, की डोक्यात क्षणभर करंट बसल्यासारखं होतं. आधी कुणी सांगितलेलं नसेल तर घाबरगुंडीच उडते. बऱ्याच जणांचं आठवड्या-दोन आठवड्यांत निवळतं, काहींचं महिनोन्महिने रेंगाळतं. अर्थात सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही.

गोळी कोणती, यावरही बरंच आहे. फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश उतरतं, म्हणून त्याचा त्रास सहसा कमी. व्हेनलाफॅक्सिनचं रक्तातलं प्रमाण मात्र पाचेक तासांत निम्म्यावर येतं. काहींना सकाळचा एक डोस चुकला तरी संध्याकाळी गरगरतं. पॅरोक्सेटिनही असंच त्रासदायक.

पायरीपायरीनं सोडणं कंटाळवाणं आहे, पण माझं मत त्याच बाजूनं. फक्त पायऱ्या सारख्या उंचीच्या नकोत. सिटॅलोप्रॅम 20 मिलिग्रॅम घेतलं की मेंदूतले सेरोटोनिन (मनःस्थितीशी निगडित रसायन) परत ओढून घेणारे सुमारे 80 टक्के वाहक अडतात. डोस 9 मिलिग्रॅमवर आणला तरी 70 टक्के अडलेलेच असतात. म्हणजे निम्म्याहून जास्त डोस उतरला तरी फारसं बिघडत नाही, आणि 'एवढीशीच तर राहिली' म्हणून तो शेवटचा तुकडा टाकून दिला की 70 वरून थेट शून्यावर आदळणं. शेवटी शेवटी डोस अगदी थोडा थोडा उतरवावा लागतो. पातळ औषध मिळत असेल तर ते सोपं जातं. एक दिवस आड घेण्याची युक्ती लवकर उतरणाऱ्या गोळ्यांना चालत नाही, आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नाहीत.

आजारच उलटला की गोळी सुटल्याचा त्रास? आजार सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू डोकं वर काढतो, आणि त्यात ते करंट नसतात. गोळी सुटल्याचा त्रास काही दिवसांतच येतो आणि ती पुन्हा सुरू केली की लवकर ओसरतो.

पायऱ्यांनी उतरलं तरी आजार परतू शकतो, हेही धरून चाला. ब्रिटनमधल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गोळी हळूहळू थांबवलेल्यांपैकी 56 टक्के लोकांचं नैराश्य वर्षभरात उलटलं. चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्के.

आधीच बंद करून बसला असाल, तर स्वतःच्या अंदाजानं डोस न ठरवता डॉक्टरांना फोन करा. जीव द्यावासा वाटत असेल तर लगेच, आणि तोवर एकटं राहू नका.