जोग्जात एकच दिवस असेल तर बोरोबुदूर की प्रम्बानन?

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तिघाचौघांनी हाच प्रश्न विचारला. बालीला जातोय, मध्ये दोन रात्री इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या योग्यकर्ता म्हणजे जोग्जाला ठेवल्यात, एक दिवस सुलतानाचा राजवाडा क्रातोन, राजघराण्याची जुनी बाग तामान सारी आणि बाजारपेठेच्या मालिओबोरो रस्त्यावर फिरण्यात जाणार, मग उरलेल्या दिवसात बोरोबुदूर करू की प्रम्बानन? बोरोबुदूर म्हणजे बौद्ध स्तूप, प्रम्बानन म्हणजे हिंदू देवळांचा समूह, दोन्ही नवव्या शतकाच्या आसपासची, दोन्ही १९९१ पासून जागतिक वारशाच्या यादीत, फोटो सगळ्यांनी पाहिलेलेच असतात, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मी मागच्या वर्षी आईला घेऊन दोन्हीकडे गेलो होतो, वेगवेगळ्या दिवशी, तेव्हा जे वाटलं ते लिहितो.

आधी एक, दोन्ही एका दिवसात कोंबू नका. बोरोबुदूर शहराच्या वायव्येला ४० किलोमीटर, प्रम्बानन पूर्वेला १७, गाडीवाला आनंदाने करून देतो, पण दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत उन्हाने डोकं उठलेलं असतं आणि दगडाकडे बघायचं त्राण राहत नाही.

बोरोबुदूरबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरंच थोर आहे. खालच्या चौकोनी मजल्यांवर दोन्ही बाजूंनी भिंती, आपण अरुंद बोळातून चालल्यासारखं चालतो, वर आकाशाची नुसती पट्टी दिसते, आणि मग शेवटच्या पायऱ्या चढून गोल मजल्यांवर आलं की एकदम सगळं मोकळं, ७२ जाळीदार स्तूप, जाळीतून आतला बुद्ध दिसतो, पलीकडे डोंगर आणि झाडी. आई वर पोचल्यावर बराच वेळ काही बोललीच नाही. बोळातून मोकळ्यावर आणण्याची ती कल्पना ज्याला सुचली त्याला हजार-बाराशे वर्षांनंतरही हात जोडावेसे वाटतात. नुसता अनुभव म्हणून विचाराल तर असा क्षण प्रम्बाननला नाही, हे मान्य करतो.

आता माझी अडचण. आवाराचं तिकीट वेगळं आणि स्मारकावर चढायचं वेगळं, बुकिंग करताना हे नीट बघा, आवारातूनच बघून परत फिरलेले लोक मला तिथे भेटले. चढायचं तिकीट ठरलेल्या वेळेचं, गटाने आणि गाइडबरोबर. पायात तिथे मिळणाऱ्या विणलेल्या चपला घालायच्या, त्यांना उपानत म्हणतात, म्हणजे आपला संस्कृतमधला उपानह, आईला हे इतकं आवडलं की ती चप्पल तिने घरी आणून ठेवलीये. नियम का केला ते पायऱ्यांकडे बघितलं की कळतं, इतक्या वर्षांच्या बुटांनी दगड झिजून खोलगट झालाय, त्यामुळे नियमाला माझा विरोध नाही, तो हवाच होता. पण साधारण तासाभरात खाली उतरायचं. आणि भिंतींवर कथा सांगणारे शिल्पपट आहेत १४६०. ते सगळे क्रमाने बघायचे तर दहा प्रदक्षिणा घालाव्या लागतात, एकट्या पहिल्या मजल्यावरच चार, कारण दोन्ही भिंतींवर एकावर एक अशा ओळी आहेत.

मी महिनाभर तयारी करून गेलो होतो. ललितविस्तराचे १२० पट, म्हणजे बुद्धाचं चरित्र, पहिल्या मजल्याच्या आतल्या भिंतीवर वरच्या ओळीत, हे पाठ होतं. मायादेवीच्या स्वप्नातला हत्ती सापडला, मी वळून आईला हाक मारली, ती गुडघे सांभाळत येईपर्यंत आमचा गट पुढच्या कोपऱ्यावर आणि गाइड हात हलवून बोलावतोय. गाइड भला माणूस होता हो, समजावून सांगत होता, पण घड्याळ त्याच्याही मागे लागलेलं. सिद्धार्थ स्वतःचे केस कापतो तो पट मला डोळ्यांनी बघायचा होता, तो राहिलाच. प्रसिद्ध जहाजाचा पट, ज्याच्यावरून हुबेहूब जहाज बांधून २००३-०४ मध्ये थेट घानापर्यंत नेलं, तो लोकांच्या खांद्यांवरून दोन मिनिटं दिसला (ते बांधलेलं जहाज मात्र आवारातल्या म्युझियममध्ये ठेवलंय, तिथे कोणी घाई करत नाही, जरूर बघा). एवढ्या लांब येऊन पुस्तक हातात मिळावं आणि पानं दुसऱ्याने भराभर उलटावीत, असं मला दिवसभर वाटत राहिलं. तुम्हाला शिल्पं वाचायची हौस नसेल तर ही अडचण तुम्हाला जाणवणारही नाही कदाचित, पण माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

तिसऱ्या दिवशी प्रम्बानन. शहरातून ट्रान्स जोग्जा बस जाते, स्वस्त आणि सोपी. लांबूनच शिखरं दिसायला लागतात, मधलं शंकराचं ४७ मीटर उंच, दक्षिणेला ब्रह्मा, उत्तरेला विष्णू, समोर त्यांच्या वाहनांची तीन लहान देवळं. नंदी अजून जागेवर बसलाय, गरुड आणि हंसाची जागा रिकामी. बाहेरच्या अंगणात २२४ छोटी देवळं होती, त्यातली बरीचशी आज दगडांचे ढीग म्हणूनच पडलेली आहेत, ते बघून वाईट वाटतं. सावली जवळपास नाही, पायऱ्या उंच, बाजूच्या हायवेचा आवाज येत राहतो. पण शंकराच्या देवळाच्या पूर्वेच्या जिन्याने वर गेलो आणि कोणी काही म्हणालं नाही, गट नाही, घड्याळ नाही.

तिथे रामायण कठड्याच्या आतल्या बाजूला कोरलंय. देऊळ उजव्या हाताला ठेवून चालायला लागलं की कथा डाव्या हाताला येत राहते, म्हणजे प्रदक्षिणा आणि वाचन एकदमच. सुरुवात शेषावरच्या विष्णूपासून. आईला रामायण कीर्तनांतून पाठ, पाटी वाचायची गरजच नाही, ती एकेका पटासमोर उभी राहून सांगत होती, हा विश्वामित्र न्यायला आलाय, हा मारीच बघ, हरणाच्या अंगातून राक्षस बाहेर येतोय. मग जटायूपाशी ती थांबली. तिथे जटायू रामाच्या हातात अंगठी देतोय. "अरे, अंगठी तर हनुमंताने नेली ना सीतेकडे, ही कुठली?" मी वाचून गेलो होतो म्हणून सांगू शकलो की इथल्या कथेत सीता जाताना आपली अंगठी जटायूकडे देते. पुढे तर लक्ष्मण तहानलेल्या रामासाठी पाणी आणतो आणि ते पाणी असतं झाडावर बसून रडणाऱ्या सुग्रीवाच्या आसवांचं. वाल्मीकींपेक्षा वेगळं रामायण, आणि तरी प्रत्येक माणूस ओळखीचा. त्या एका पटासमोर आम्ही वीस मिनिटं तरी होतो, आई परत परत म्हणत होती, किती दुःख असेल त्याला. ती वीस मिनिटं बोरोबुदूरला मिळाली नसती. कथा सेतूपर्यंत येऊन थांबते आणि ब्रह्माच्या देवळावर पुढे चालू होते, विष्णूच्या देवळावर कृष्णचरित्र आहे.

शंकराच्या देवळात गाभारे चार, प्रत्येकाचा जिना वेगळा, हे माहीत नसल्यामुळे लोक पूर्वेचा शंकर बघून उतरतात. दक्षिणेला अगस्ती आहे, नगर जिल्ह्यातल्या अकोले गावच्या अगस्ती आश्रमात लहानपणी गेलेल्या माणसाला जावात अगस्ती भेटल्यावर काय वाटतं ते शब्दांत नाही सांगता येत. उत्तरेला महिषासुरमर्दिनी, तिला स्थानिक लोक रोरो जोंग्रांग म्हणतात. त्यांची गोष्ट अशी, की या नावाच्या राजकन्येने लग्नाची मागणी टाळायला एका रात्रीत हजार देवळं बांधायची अट घातली, ९९९ झाल्यावर बायकांना भात कांडायला लावून आणि पूर्वेला आग पेटवून कोंबडा आरवायला लावला, आणि शाप मिळून तीच हजारावी मूर्ती झाली. आई लगेच म्हणाली, आपल्याकडे पांडवांच्या देवळांची गोष्ट अशीच सांगतात, रात्रीत बांधलं आणि कोंबडा आरवला म्हणून राहिलं.

संध्याकाळचंही सांगतो. पावसाळा नसताना गेलात तर प्रम्बाननच्या बाजूला उघड्या मंचावर रामायण बॅले म्हणजे नृत्यनाट्य असतं, १९६१ पासून चालू आहे, मागे शिखरांवर दिवे, गामेलान या तिथल्या पारंपरिक वाद्यवृंदाचं संगीत, संवाद नाहीत पण आपल्याला त्यांची गरजच नसते. लंकादहनात खरी आग लावतात. दिवस तिथेच घालवून संध्याकाळी बॅले, असं केलं तर तो एक दिवस भरून जातो.

कोणी बौद्ध असेल, बुद्धासाठीच जात असेल, तर त्याने बोरोबुदूरलाच जावं, त्यात प्रश्नच नाही. पहाटेच्या धुक्यासाठी जाणाऱ्यांनीही. अजिंठा-वेरूळ केलेले म्हणतील बुद्धचरित्र आम्ही घरी पाहिलंय, तर तसं नाही, हे वेगळं आहे. दीड दिवस मिळत असेल तर मी आधी प्रम्बानन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोरोबुदूर असं करेन. पण खरंच एकच दिवस असेल, बरोबर आईवडील असतील आणि रामायण घरात ऐकलेलं असेल, तर मी तरी प्रम्बानन म्हणेन.

गेट उघडता उघडता पोचा, अकरानंतर दगड तापतो. टोपी आणि पाणी जास्तीचं घ्या. गाभाऱ्यात अंधार असतो, मोबाइलचा टॉर्च चार्ज असू द्या, आणि शंकराच्या देवळाच्या पश्चिमेच्या जिन्याने चढायला विसरू नका, तिथे गणपती आहे.