एमएस्सी स्टॅटिस्टिक्स, राज्य विद्यापीठ: पूर्ण दोन वर्षं वापरून मग लिहिलेला रिव्ह्यू

लोक मिक्सरचा डबा उघडला की लगेच पाच स्टार देऊन मोकळे होतात, मी दोन वर्षं रगडून डिग्री हातात आल्यावर लिहितेय. विद्यापीठाचं नाव घालत नाहीये कारण पुढे शिव्या पण आहेत, आणि तसंही वाचून निम्म्या लोकांना वाटणारच की हे आपलंच.

आधी स्टार. विभागाला साडेचार, परीक्षा विभागाला एक, आणि तो एक पण तिथल्या वॉचमनकाकांचा, कारण कुठल्या खिडकीवर माणूस खरंच बसतो हे फक्त त्यांना माहीत होतं. दोन्हीची सरासरी काढू नका प्लीज, अशा ठिकाणी सरासरी किती फसवते एवढं तरी आम्ही शिकलोय.

फी म्हणाल तर दोन वर्षांची मिळून माझ्या मोबाईलपेक्षा कमी, हॉस्टेल-मेसचे वेगळे. मेसवर काही लिहीत नाही.

आता मुख्य. बीएस्सीला स्टॅट म्हणजे फॉर्म्युला, टेबल, उत्तर, असं चाललं होतं माझं आणि मार्क पण चांगले पडायचे, त्यामुळे हवेत होते. इथे पहिल्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या की रँडम व्हेरिएबल हे रँडमही नाही आणि व्हेरिएबलही नाही, ते फंक्शन आहे, आणि मग सिग्मा फील्ड, मेजर, रिअल अ‍ॅनालिसिस असं जे सुरू झालं की दिवाळीपर्यंत मला आकडा म्हणून काही दिसलाच नाही. बारावीनंतर गणित नको म्हणून स्टॅट घेतलेले माझ्यासारखे चार जण होते, चौघांची पहिल्या सेमला अ‍ॅनालिसिसमध्ये विकेट गेली. पण वर्गात मराठीत बोलतात हे फार मोठं आहे हो. "समजा एप्सिलॉन कुणीतरी आपल्या डोक्यावर मारलाय, आता डेल्टा शोधायची जबाबदारी आपली" ही लिमिटची व्याख्या सर जसं सांगायचे तशी मला कुठल्या व्हिडिओत सापडली नाही. आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याला मी दहावीपर्यंत प्रमाण विचलन म्हणणारी, ती स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणायला लागले तरी डोक्यात अजून पहिला शब्दच येतो.

इन्फरन्सच्या, म्हणजे नमुन्यावरून निष्कर्ष काढायच्या, वर्गात एक मजा झाली. सगळी परदेशी नावं चाललेली, क्रामर, नेमन, पिअर्सन, आणि मधेच फळ्यावर हुजुरबाजार! मला वाटलं सर चेष्टा करतायत. तर वसंत शंकर हुजुरबाजार खरेच कोल्हापूरचे, केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज या मोठ्या संख्याशास्त्रज्ञाकडे शिकले, १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग त्यांनी सुरू केला, आणि त्यांचं थिअरम आहे की लाइकलिहूड इक्वेशनचं (हातातल्या डेटाला सगळ्यात जास्त जुळणारी किंमत शोधायचं समीकरण) कन्सिस्टंट, म्हणजे सॅम्पल वाढेल तसं खऱ्या किमतीकडे जाणारं, सोल्यूशन असेल तर सॅम्पल मोठं होत जाईल तशी ते मॅक्सिमम असण्याची प्रोबॅबिलिटी एककडे जाते. १९४८ चं काम. ते प्रूफ मी हट्टाने पाठ नाही, समजून केलं. पेपरला आलं नाही ती गोष्ट वेगळी.

पण सगळ्यात पैसे वसूल पेपर सॅम्पलिंग, म्हणजे थोडा नमुना मोजून सगळ्याचा अंदाज बांधायचा. आमच्या गावात पीक किती आलं ते ठरवायच्या पीक कापणी प्रयोगाला कृषी सहाय्यक आणि तलाठी यायचे तेव्हा मी लहानपणी बांधावर उभी राहून बघायचे, ते शेताच्या एका कोपऱ्यातून पावलं मोजत आत जायचे आणि भलत्याच ठिकाणी खुंट्या ठोकायचे, आणि बाबा वैतागायचे की एवढं शेत सोडून नेमकं तिथेच का, विम्याचे पैसे मिळावेत म्हणून बाबांना अर्थातच खराब तुकडा मोजायला हवा असायचा. वर्गात कळलं की तो नैऋत्य कोपरा ठरलेला असतो, लांबीकडे किती आणि रुंदीकडे किती पावलं जायचं हे रँडम नंबरवरून येतं, म्हणजे ना साहेबाची मर्जी ना शेतकऱ्याची, आणि बऱ्याच पिकांना मग १० बाय ५ मीटरचा आयत कापून, मळणी करून वजन घेतात. ही रँडम पद्धत आपल्याकडे रुजवण्यात मोठा हात संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्म्यांचा, तेही सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. घरी जाऊन बाबांना बायस, म्हणजे मर्जीने तुकडा निवडला की अंदाज एका बाजूला कसा झुकतो, ते अर्धा तास समजावलं. ते म्हणाले, "बरं, पण पैसे कधी येणार?"

आता शिव्या. पेपर रिपीट होतात, त्यामुळे मागच्या पाच वर्षांच्या झेरॉक्स घेऊन प्रूफं घोकणारे आणि खरंच समजून करणारे यांच्या मार्कांत काही फरक दिसत नाही, किंबहुना घोकणारे पुढे. आमच्या वर्गातली एक जण कॉमा-फुलस्टॉपसकट प्रूफ उतरवायची. रिझल्ट इतका उशिरा की पुढच्या सेमचे इंटर्नल संपले तरी मागच्यात बॅकलॉग आहे का नाही ते माहीत नसायचं. मला एका विषयात अ‍ॅबसेंट दाखवलं, मी पेपर देऊन आलेले, सप्लिमेंट पण घेतलेली, ते दुरुस्त व्हायला तीन अर्ज आणि सात फेऱ्या. कॉम्प्युटर लॅबमध्ये आर (R) नावाचं सॉफ्टवेअर शिकवतात, ते फुकट आहे म्हणून घरी पण चालतं, पण कंपन्यांत मागतात ते सॅस (SAS) सॉफ्टवेअर आम्ही नावापुरतंच बघितलं, पुण्यात क्लिनिकल ट्रायलच्या कंपनीत जायचं असेल तर ते वेगळं शिकावं लागतं, पैसे टाकून.

परीक्षांचं काही जण विचारतात म्हणून सांगते. इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसला, म्हणजे यूपीएससीची आयएसएस, बीएस्सीला नुसतं मॅथ्स असून भागत नाही, स्टॅट हा विषय असावा लागतो किंवा मग स्टॅटची एमएस्सी, त्यामुळे मॅथ्सवाल्यांनो एफवायलाच बघून ठेवा. सीएसआयआर नेटला, म्हणजे प्राध्यापकी आणि रिसर्च फेलोशिपच्या परीक्षेला, स्टॅटचा वेगळा पेपर नाहीये, मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्येच येतं, म्हणून ते शिव्या घातलेलं अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा तिथे परत भेटतं. गेटला मात्र २०१९ पासून स्टॅटिस्टिक्सचा वेगळा पेपर आहे. नुसतं डेटा सायन्स करायचंय म्हणून इथे येत असाल तर येऊ नका, पहिलं वर्ष तुम्हाला शिक्षा वाटेल.

आणि कॅल्क्युलेटर स्वतःचा घ्या, त्यावर एसडीची, म्हणजे त्याच स्टँडर्ड डेव्हिएशनची, दोन बटणं असतात, एक एनने भागतं, एक एन वजा एकने, कुठलं कुठलं ते आधी बघा. मी मैत्रिणीचा मागून प्रॅक्टिकलला बसले, दहा ऑब्झर्वेशन्स होती, कोव्हेरियन्स हाताने नऊने भागून काढला आणि एसडी बटण दाबून दहाने भागलेली घेतली, त्यामुळे दोन गोष्टींचा संबंध किती ते सांगणारं कोरिलेशन, जे एकच्या वर जाऊच शकत नाही, ते आलं १.०५. ते मी फेअर जर्नलमध्ये शाईने लिहून, खाली "स्ट्राँग पॉझिटिव्ह" असं कन्क्लूजन पण टाकलं. सर काही बोलले नाहीत, लाल पेनने फक्त "खूपच" एवढं लिहून सही केली.