माजघरातला अंधार आणि साडेतीन हजारांचा वर्ग

फी साडेतीन हजार, दोन दिवस, दोन्ही दुपारचं जेवण त्यातच. पहिल्या दिवसाचे पैसे पुरेपूर वसूल, दुसऱ्या दिवसाचे जेमतेम निम्मे. एवढंच हवं असेल तर पुढे नाही वाचलंत तरी चालेल. पण माझ्यासारखं कोकणात घरगुती निवास चालवणाऱ्यांनी जरूर वाचा, कारण हा वर्ग आपल्याच उपयोगाचा आहे आणि त्यातला काही भाग आपल्याच मुळावर येणारा आहे.

घरांच्या आतले एचडीआर फोटो, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो जोडून केलेला एक फोटो, कसे काढायचे, हा विषय. जागा रत्नागिरीत, मारुती मंदिरापासून चालत जाता येईल असा स्टुडिओ. नाव मुद्दाम देत नाही. पुढे तक्रारी आहेत आणि सर माणूस म्हणून चांगले आहेत.

आमचं घर हेदवीला. जांभ्याच्या भिंती, कौलं, पुढे पडवी आणि खळं, मागे पोफळीची वाडी. माजघराला एक दार पडवीत, एक स्वयंपाकघरात, आणि वर एक काचेचं कौल. फोटो काढायला गेलं की एक तर माजघर छान दिसतं आणि दाराबाहेरचं खळं पांढरंफटक होतं, नाही तर खळ्यातली तुळस दिसते आणि माजघर कोळशासारखं काळं. मागच्या मोसमात एका फोटोग्राफरला बोलावून फोटो काढून घेतले होते. त्याने इतकी रुंद लेन्स लावली की आमची दहा बाय बाराची खोली सभागृह वाटायला लागली. पुण्याच्या एक बाई दारातच थबकल्या नि म्हणाल्या, "फोटोतली खोली ही नव्हे." तेव्हाच ठरवलं, आता आपणच शिकायचं. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून मी रत्नागिरी गाठली.

पहिली सकाळ थिअरीची. कंटाळा येईल वाटलं होतं, आला नाही. सरांनी सुरुवातच गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरपासून केली. १८५० च्या दशकात त्याला समुद्र आणि आकाश एकाच काचेवर नीट मिळेना. तेव्हाचं रसायन निळ्या रंगाला फार हळवं, त्यामुळे आकाश उडून जायचं. त्याने काही चित्रांत समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी काच जोडून छपाई केली. तिथून सर १९९७ सालच्या डेबेवेक आणि मलिक यांच्या निबंधावर आले. स्टॅनफर्डच्या चर्चचा आतला भाग, अंधारा, वर रंगीत काचांच्या झगझगीत खिडक्या. त्याचे ३० सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंत १६ फोटो, आणि त्यावरून प्रत्येक जागी खरोखर किती प्रकाश होता याचं गणित. तो चर्चचा फोटो पाहिला आणि मनात म्हटलं, हे तर आमचं माजघर.

दुपारी पावसच्या वाटेवर गोळपला एका जुन्या घरात प्रात्यक्षिक झालं. या वर्गाचा जीव तिथे आहे. एफ ८ (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक) आणि आयएसओ १०० (कॅमेरा उजेडाला किती हळवा ते) एवढं कायम ठेवून सरांनी आधी खळ्यातल्या उन्हाचं माप घ्यायला लावलं: १/४०० सेकंद. मग माजघराच्या कोपऱ्याचं: ४ सेकंद. दर पायरीला प्रकाश दुप्पट धरला तर दोन्हींत दहा-अकरा पायऱ्यांचं अंतर. कॅमेऱ्याला एका फोटोत एवढं झेपणं कठीण; झेपलंच तर अंधाऱ्या कोपऱ्यात नुसते रंगीत दाणे दिसतात. म्हणून दोन-दोन पायऱ्या सोडून फोटोंची रांग काढायची. बदलायचं ते फक्त शटर. अ‍ॅपर्चर बदललं तर कुठवर रेखीव दिसतं ते दर फोटोला बदलतं. फोकस एकदा लावून हाताच्या फोकसवर टाकायचा, नाही तर प्रत्येक वेळी लेन्स नव्याने चाचपडते.

स्वस्तातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आपोआप तीनच फोटो निघतात, माझ्याही. मग उरलेले हाताने शटर फिरवून काढायचे. इथे सर अडून बसले ते बरं झालं. चाक फिरवल्यावर बोट काढा, श्वास सोडा, दोन सेकंदांचा टायमर लावा. माडीवर तर आणखी पंचाईत. फळ्यांची जमीन, कोपऱ्यातून कुणी पाणी प्यायला उठलं तरी ट्रायपॉड थरथरतो. सगळ्यांना जागच्या जागी पुतळे करून उभं केलं होतं.

हलणारी प्रत्येक गोष्ट जोडलेल्या फोटोत भूत होऊन बसते. झोपाळ्याच्या कड्या दोरीने बांधल्या, पडदा चिमट्याने धरला, पंखा बंद. घरच्या काकू वैतागल्या. "अहो, पंखा तरी राहू दे, मे महिना आहे!" सर म्हणाले, "काकू, पाच मिनिटं." पाऊण तास गेला. काकूंनी मग कोकम सरबत आणलं, रागावूनच.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते रंगाचं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तेवढा पिवळा. आपल्या घरांत पिवळा दिवा साधारण २७०० केल्विनचा आणि दारातून येणारा उजेड ५५०० च्या पुढचा. दोन्ही एकत्र आले की अर्धी भिंत हळदीची, अर्धी निळसर. सरळ दिवे मालवायचे. आणि मागच्या खिडकीपाशी चुन्याच्या भिंतीवर हिरवट झाक दिसली, ती वाडीतून परतून येणाऱ्या उजेडाची. इतकी वर्षं त्या खिडकीत मी तांदूळ निवडते, पण आमचीही भिंत हिरवी असते हे घरी येऊन पाहिलं तेव्हा कळलं. खाऱ्या हवेने लेन्सवर पापुद्रा धरतो आणि खिडकी समोर असली की फोटोभर धुरकट पसरतं, हेही सरांनी कापड फिरवण्याआधी आणि नंतर असं दाखवलं.

आता दुसरा दिवस. लॅपटॉपवर फोटो जोडायचे. जोडणं सोपंच आहे. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१५ पासून ती सोय आहे. गडबड पुढे होते. सरांचे नमुने बहुतेक मुंबईच्या फ्लॅटचे, छतात दिवे, पांढऱ्या टाइल्स. तीच तयार सेटिंग्ज त्यांनी गोळपच्या घरावर चढवली. वाशांभोवती पांढरी कड उमटली, खळ्यावरचे ढग वादळासारखे काळे झाले, आणि चुलीमागची पिढ्यांची काजळी राखाडी, धुऊन काढल्यासारखी. कोपऱ्या-कोपऱ्यात सारखा उजेड. मी विचारलं, "सर, माजघर अंधारंच असतं ना? दुपारी तिथे थंड वाटतं ते त्यामुळेच." ते म्हणाले, "अंधार विकला जात नाही, ताई."

कदाचित जात नसेल. पण आमच्याकडे येणारा माणूस उन्हातून पडवीत, पडवीतून माजघरात येतो आणि हुश्श करतो. ते फोटोत ट्यूबलाइटसारखं उजळलं तर तो दारातच पुण्याच्या बाईंसारखा थबकणार. आणि त्याचा अभिप्राय मला मिळणार, सरांना नव्हे. विजेचा खांब पुसायचा, समुद्र जरा जवळ ओढायचा, असलंही शिकवलं गेलं. ते मी वहीत उतरवलंच नाही.

यावर उपाय आहे आणि तो वर्गात जेवणाआधी घाईघाईत उरकला, ही माझी खरी तक्रार. मेर्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेली एक पद्धत आहे: आधी प्रकाशाचं गणित आणि मग टोन मॅपिंग (तो सगळा उजेड पडद्यावर मावेल असा आवळणं), असा वळसा न घेता प्रत्येक फोटोतला जो भाग नीट आलाय तो जास्त वजनाने उचलायचा आणि थेट मिसळायचं. एन्फ्यूज नावाचं फुकट सॉफ्टवेअर हेच करतं. मी त्यात आमचं माजघर पाच फोटोंवरून जोडलं आणि सगळ्यात उजळ फोटो वगळून पुन्हा जोडलं. दुसरं जास्त आवडलं. काचेच्या कौलातून पडलेला कवडसा कवडसाच राहिला, त्यातली धूळही दिसते, कोपऱ्यातली कणगी अर्धी सावलीत. खळ्यातली तुळस हिरवी. वेबसाइटवर आता तोच फोटो आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. ट्रायपॉड स्वतःचा न्या, तिथले ढिले आहेत. नुसता फोन असेल तर जाऊ नका. फोन हे सगळं आपलं आपणच करतो आणि वर्गात त्याबद्दल काही नाही. पावसाळ्यातली तुकडी टाळा, गोळपचं घर तेव्हा मिळत नाही आणि स्टुडिओतच एक खोली मांडून दाखवतात असं कळलं. जेवण उत्तम, दुसऱ्या दिवशी सोलकढी होती. फक्त पहिला दिवस करायचा असेल तर फी कमी होते का, ते आधी विचारा. मला नाही म्हणाले. माझ्यानंतर नाव नोंदवणाऱ्या दापोलीच्या मुलीला दोन हजारांत हो म्हणाले.