'वॉकर'ची सनद घेण्याआधी

ब्रिटनमधल्या भेटवस्तूंच्या दुकानांत आडनावाची सनद मिळते: जाड कागद, वर रंगीत ढाल, खाली आडनावाचा अर्थ. छपाई देखणी असते. मजकुराची पारख करायची तर 'वॉकर'ची प्रत उचलावी, ढिसाळ काम तिथे लगेच उघडं पडतं.

अर्थ 'चालणारा' एवढाच दिला असेल तर प्रत परत ठेवा. वॉकर म्हणजे लोकरी कापड तुडवणारा. आपल्या पिंजारी, रंगारी यांच्यासारखं कामावरून पडलेलं आडनाव. मागावरून उतरलेलं लोकरी कापड तेलकट आणि विरविरीत असतं. ते कुंडात टाकायचं, पाण्यात शिळं मूत्र किंवा मुलतानी माती घालायची आणि अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवायचं. तेलकटपणा निघतो, लोकरीच्या तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून घट्ट होतं. मग चौकटीच्या आकड्यांना ताणून वाळवायचं. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे हे काम करू लागले, तरी जुनं नाव टिकलं.

चांगल्या सनदेत प्रदेशही हवा. हेच काम करणारा इंग्लंडच्या आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला टकर आणि उत्तरेत वॉकर. मुलतानी मातीला इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणतात ते या फुलरवरूनच. एक्सेटरला टकरांचा 1471 चा हॉल अजून उभा आहे. काही वॉकर घराणी मात्र न्यूकॅसलजवळच्या वॉकर गावाची. त्या गावनावाचा अर्थ रोमन भिंतीजवळची दलदल. एवढा फरक नोंदवणारी सनद मिळाली तर जरूर घ्या.

ढालीवरच्या कुलचिन्हासाठी मात्र पैसे देऊ नका. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या पुरुषवंशाला मिळतं, आडनावाला कधीच नाही. 1484 साली स्थापन झालेलं लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स, म्हणजे कुलचिन्हं देणारी अधिकृत संस्था, हेच सांगतं. तुडवणारे गावोगाव होते, त्यामुळे हे नावही प्रत्येक गावात स्वतंत्रपणे पडलं. सगळ्या वॉकरांचा मूळपुरुष एक असणं शक्यच नाही.

कुणाला भेट द्यायची असेल तर त्यांचे पूर्वज 1881 च्या जनगणनेत कोणत्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) होते ते आधी विचारा आणि जुनं स्पेलिंग, गाव, साल छापलेली प्रत निवडा. नाव देवनागरीत लिहून घेताना 'वॉल्कर' नको, 'वॉकर'च. स्पेलिंगमधला ल उच्चारात येत नाही.