शिकल की जतन? घरातल्या जुन्या फिरंगेसमोरचा निर्णय

पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर पडून असलेली तलवार खाली उतरली की दोन प्रश्न एकदमच उभे राहतात : तिचा तांबेरा कसा काढावा आणि ती मुळात कुठली असावी. बहुतेक घरांत पहिला प्रश्न आधी सोडवला जातो. त्या घाईत दुसऱ्याचे उत्तर कायमचे पुसले जाऊ शकते, असा माझा अनुभव आहे. आजोळहून माझ्याकडे दोन तलवारी आल्या, दोन्ही सरळ पात्याच्या आणि मराठा मुठीच्या, म्हणजे फिरंग जातीच्या. एक मी शिकलीला, म्हणजे घासूनपुसून उजळायला, दिली आणि दुसरीचे घरीच जतन केले, त्यामुळे दोन्ही वाटांबद्दल थोडेफार सांगता येईल असे वाटते.

शिकलीचे समाधान तात्काळ मिळते. सकाळी दिलेले पाते संध्याकाळी आरशासारखे हातात येते आणि खंडेनवमीच्या पूजेत ते पाहून घरातली वडीलधारी माणसे हरखून जातात. जाणता शिकलगार पाते तापू देत नाही, त्यामुळे त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरत नाही. मात्र आता हाताच्या सहाणेऐवजी विजेवर फिरणारे चाक सर्रास वापरले जाते आणि त्या चाकाखाली पात्यावरच्या नाळीच्या, म्हणजे लांबट खाचेच्या, रेखीव कडा पाहता पाहता गोल होतात. एका बाबतीत शिकलीची बाजू खरोखरच भक्कम आहे. तेलंगणातील कोनासमुद्रम यांसारख्या गावांत पूर्वी मुशीत तयार होत असलेल्या पोलादाचे पाते असेल, तर त्याचा जौहर, म्हणजे पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, जुन्या काळपट थराखाली झाकलेली असते आणि ती पृष्ठभाग उजळून हिराकशीसारख्या द्रावणाचा हात दिल्यावरच उमटते. फिरंगेचे पाते मात्र बहुधा युरोपातून आलेले असल्याने तिच्यात ही नक्षी सापडण्याची अपेक्षा ठेवू नये.

जतनाची वाट कंटाळवाणी आहे, हे मान्य करायला हवे. मला एका पात्यासाठी जवळजवळ चार महिने लागले. लाल, भुसभुशीत गंज वाढत जातो, म्हणून तो काढायचा. काळा, घट्ट बसलेला थर पात्याचे एका अर्थी रक्षणच करतो, म्हणून तो ठेवायचा, एवढे एकच तत्त्व धरून काम करावे लागते. पाते हलक्या तेलात भिजवावे, मऊ झालेला गंज बांबूच्या किंवा पितळेच्या पट्टीने खरवडावा, अगदीच गरज पडली तर सर्वांत बारीक पोलादी लोकर वापरावी आणि शेवटी मेणाचा पातळ हात द्यावा. मूठ हलत असली, तर तिच्यात आधुनिक डिंक ओतण्याचा मोह टाळावा, कारण पाते मुठीत मुळात लाखेने किंवा राळेने बसवलेले असते आणि ते काम पुढे कोणालाही उलगडता आले पाहिजे. साफ केलेले पाते चामड्याच्या जुन्या म्यानात परत ठेवू नये. चामड्यातील आम्लाने आणि ओलाव्याने कोकणातल्या एकाच पावसाळ्यात पुन्हा गंज धरतो.

माझा निर्णय झाला तो एका लहानशा गोष्टीवरून, पण ती अजूनही सलते. शिकलीला दिलेल्या पात्यावर मुठीपासून वीतभर अंतरावर समोरासमोर दोन दातेरी चंद्रकोरी होत्या. ही खूण इटलीतल्या जिनोव्हा शहराशी जोडली जाते. पुढे तिची नक्कल जर्मनीतल्या झोलिंगेनपासून कॉकेशसपर्यंत झाली आणि आपल्याकडच्या कारागिरांनीही केली. म्हणून नुसती खूण असून भागत नाही, ती ठशाने उमटवली आहे की छिन्नीने कोरली आहे हे भिंगाखाली पाहावे लागते. शस्त्रांच्या एका अभ्यासकांना मी छायाचित्रे पाठवली, तेव्हा त्यांनी नेमके हेच विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. चाकाने दात गुळगुळीत केले होते. चंद्रकोरीचा नुसता बाक उरला होता. शिकल करणाऱ्याला मी दोष देत नाही, कारण ती जागा सोडा असे मीच सांगितले नव्हते. परंतु ते पाते युरोपातले की इथले, हा प्रश्न आता केवळ डोळ्यांनी सुटणार नाही, आणि तलवार हातात घेतली की बोट आपोआप त्याच जागी जाते.

मूळ शोधण्याचा सारा भार अशाच बारीक खुणांवर असतो. महाराष्ट्र शासनाने 2025 साली लंडनच्या लिलावातून परत आणलेली रघुजी भोसल्यांची तलवार ओळखू आली ती पात्याच्या पाठीवरील सोन्याच्या देवनागरी लेखामुळे. बिकानेरच्या जुनागढ शस्त्रागारातील, आंध्रातील अदोणी किल्ल्याच्या लुटीत मिळालेल्या शस्त्रांवर ठिपक्यांनी ठोकलेले लेख आहेत. तसे ठिपके चाकाखाली टिकणे अवघड. माझ्या दुसऱ्या तलवारीच्या कटोरीवर, म्हणजे मुठीच्या टोकाच्या वाटीसारख्या चकतीवर, गंज खरवडताना तिसऱ्या महिन्यात असेच ठिपके दिसू लागले आणि त्यांतून तीन देवनागरी आकडे जुळले. कोणत्या तरी शिलेखान्याचा, म्हणजे शस्त्रागाराचा, तो क्रमांक असावा, असे वाटते.

ज्यांच्या तलवारीवर खरोखरच कोणतीही खूण नाही आणि ती मिरवणुकीतच वापरायची आहे, त्यांनी शिकल करून घेण्यास माझी हरकत नाही. फक्त त्याआधी दोन्ही बाजू, पाठ, मुठीवरची हाताचे रक्षण करणारी परज आणि कटोरीची आतली बाजू तिरप्या उजेडात भिंगाने पाहून छायाचित्रे घ्यावीत आणि मुठीजवळचे वीतभर पाते कापडाने घट्ट बांधून, त्याला हात लावू नये असे स्पष्ट सांगूनच तलवार शिकलगाराच्या हाती द्यावी.