इन्स्टंट कॅमेरा: दोन वर्षं, ३४ पाकिटं आणि ४१ बिघडलेले फोटो

पहिला फोटो मी घरातल्या खिडकीचा काढला. बटण दाबलं, आतून घर्रर्र आवाज झाला आणि वरच्या फटीतून एक काळा तुकडा बाहेर आला. तो हातात धरून, समोर घड्याळ ठेवून मी दहा मिनिटं बसले. काळ्याचं काही केल्या दुसरं काही होईना. शेवटी खोक्यातलं माहितीपत्रक काढून वाचलं. नव्या पाकिटावर फिल्मला उजेड लागू नये म्हणून एक काळं झाकण असतं, पहिल्यांदा बटण दाबलं की ते बाहेर पडतं. मागच्या छोट्या खिडकीत ‘एस’ जाऊन १० आकडा आला की मग खरा पहिला फोटो. म्हणजे मी दहा मिनिटं झाकणाकडे टक लावून बसले होते.

पोटापाण्यासाठी मी हिशेब लिहिते, त्यामुळे या कॅमेऱ्याचीही वही आहेच. दोन वर्षांत ३४ पाकिटं संपली. एका पाकिटात १० फोटो, म्हणजे ३४०. त्यातले २८७ ज्यांचे त्यांना देऊन टाकले, १२ माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहेत आणि ४१ बिघडले. बिघडलेले सगळे बुटांच्या एका खोक्यात ठेवलेत. (शिवाय ३४ काळी झाकणं. पुस्तकात खुणेला ठेवायला यांच्यासारखी वस्तू नाही.) हा रिव्ह्यू मी ते खोकं समोर घेऊन लिहितेय, कारण कॅमेरा मला कळला तो याच फोटोंमुळे. चांगले तर लोकांकडे गेले.

खरेदीला जाणाऱ्यांसाठी आधी थोडी ओळख. या प्रकारात मुख्य घराणी दोन, पोलरॉइड आणि फुजीफिल्मचं इन्स्टॅक्स. इन्स्टॅक्स १९९८ साली आलं. त्याच्या फिल्मचे तीन आकार: मिनी, स्क्वेअर आणि वाइड. मिनीचं अख्खं कार्ड ८६ बाय ५४ मिलिमीटर, म्हणजे एटीएम कार्डाएवढं, पण चित्र त्यात ६२ बाय ४६ एवढंच. ही मिनी फिल्म इतर काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही चालते. माझा कॅमेरा मिनीचा, प्लॅस्टिकचा, अगदी साधा. दोन पेन्सिल सेल घातले की साधारण दहा पाकिटं निघतात, मी आजवर तीनदा बदललेत. तो कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही. पुढे जे रडगाणं येणार आहे त्यातलं बरंचसं माझ्याच वेंधळेपणाचं आहे आणि उरलेलं या जातीच्या सगळ्याच साध्या कॅमेऱ्यांना लागू आहे.

खोक्यातली सर्वांत मोठी गड्डी फ्लॅशची. माझ्या कॅमेऱ्यात फ्लॅश प्रत्येक वेळी उडतोच. भर दुपारी, उघड्या मैदानातसुद्धा. बंद करायला बटणच दिलेलं नाही. लिफ्टच्या आरशात मैत्रिणीसोबत काढलेला फोटो आहे, त्यात दोघींच्या खांद्यांवर डोक्यांच्या जागी एकच पांढरा गोळा आहे. रात्री गच्चीवर काढलेल्या एकात भाऊ आणि वहिनी चुना फासल्यासारखे दिसतात आणि मागे ज्या दिव्यांसाठी आम्ही पाच मजले चढलो होतो त्यांचा पत्ताच नाही, सगळा डांबरी अंधार. कारण अगदी साधं आहे. या फ्लॅशची धाव जेमतेम पावणेतीन मीटर. तेवढ्यात जे उभं आहे ते उजळतं, पलीकडचं गेलं. त्यात भिंगाचं तोंड बारीक, एफ १२.७, म्हणजे आधीच उजेडाला वाट कमी. आता रात्री काढायचाच झाला तर माणसाला भिंतीपाशी उभं करते, निदान भिंत तरी येते. खिडकीची काच समोर असेल तर थोडं तिरकं उभं राहते. एवढी एक सवय लागली आणि पुढच्या पाकिटांत फ्लॅशचे बळी निम्म्यावर आले.

दुसरी गड्डी अर्ध्या चेहऱ्यांची. आपण डोळा लावतो ती खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, दोघांत बोटभर अंतर. लांबच्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही, पण हातभर अंतरावरून काढायला गेलं की आपल्याला मधोमध दिसणारा माणूस कागदावर एका बाजूला सरकतो. कुणाचा कान गेलाय, कुणाची टोपी, आमच्या मांजरीचं तर फक्त शेपूट आलंय. जवळून काढताना मुद्दाम थोडं चुकीचा नेम धरावा लागतो. किती चुकीचा, ते प्रत्येकाने आपापली पाकिटं खर्चून शिकायचं.

एक अर्धंअधिक पाकीट धाकट्या मावसभावाच्या नावावर आहे. आत किती उरलेत ते बघायला त्याने मागचं दार उघडलं. दारावरच्या खिडकीत आकडा स्पष्ट दिसत होता, ६. पण विश्वास कसा ठेवायचा? त्या सहांतला पहिला कोरा पांढरा निघाला आणि बाकीच्यांच्या कडांवर धुकं उतरलं. त्यातला एक मला खरं तर आवडतो. जिना आहे, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला जगच संपल्यासारखं वाटतं. वहीत मात्र तो ‘बिघडले’च्याच रकान्यात गेला. भावाने नंतर एक नवं पाकीट आणून दिलं, वर मला म्हणाला, “ताई, कलात्मक आलाय.”

माझा सर्वांत लाडका बिघडलेला फोटो सात वर्षांच्या भाचीचा आहे. फोटो बाहेर आला तसा तिने तो चिमटीत घट्ट धरला आणि पांढऱ्याचं काय होतं ते बघत राहिली. आधी फिकट करडं, मग तिच्या फ्रॉकचा पिवळा, मग केस. मिनीचा फोटो दीड मिनिटात उमटायला हवा, पण पुढेही बराच वेळ रंग गडद होत राहतात. तिच्या अंगठ्याखालची जागा तेवढी उमटलीच नाही. तिच्या गालाशेजारी आता नखाएवढा फिका चंद्र आहे.

तो चंद्र का पडला हे कळलं की हा सगळा प्रकारच कळतो. फोटोखालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची एक चपटी पुडी असते. फोटो बाहेर येताना दोन रुळांमधून दाबला जातो, पुडी फुटते आणि तिच्यातली खळ चित्राच्या थरांमध्ये सारखी पसरते. म्हणजे जी घर्रर्र आपण ऐकतो तीच डार्करूम. खळ काम करत असताना कुठे दाब पडला, कागद वाकला, की तिथे डाग. म्हणूनच फोटो हातपंख्यासारखा हलवू नका. ही सवय आली जुन्या, सोलून काढायच्या फिल्मवरून. तिचा फोटो ओलसर निघायचा आणि लोक तो हवेवर वाळवायचे. आताचा फोटो प्लॅस्टिकच्या आत बंद आहे, वाळवायला बाहेर काहीच नाही. कडेला धरा, टेबलावर ठेवा, गप्प बसा. आणि घरात लहान मुलं असतील तर कात्री जपून. ती खळ तीव्र अल्कली असते, ओला फोटो कापला तर हाताला लागते.

थंडीचंही असंच. पहाटे धुक्यात काढलेले तीन फोटो निळसर आणि आजारी आले. फिल्म थंड असली की रसायन आळसावतं. तेव्हापासून गारठ्यात फोटो बाहेर आला की सरळ कोटाच्या आतल्या खिशात, शरीराच्या उबेला. शिल्लक पाकिटं मात्र थंड, कोरड्या जागी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर कधीच नाही. विमानप्रवासात फिल्म सामानात न टाकता जवळ ठेवावी आणि हातानेच तपासायला सांगावी, एक्स-रेने ती खराब होऊ शकते.

मध्यंतरी मामांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर जुना पोलरॉइड सापडला, ‘६००’ नावाच्या फिल्मवर चालणारा. कितीतरी वर्षं कुणी हात लावला नव्हता. मला वाटलं मेला असेल. पण या कॅमेऱ्याची बॅटरी त्याच्या पोटात नसते, फिल्मच्या पाकिटात असते. नवं पाकीट सरकवलं आणि मोटार अशी गुरगुरली की मामा दोन पावलं मागे सरकले.

या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे पोलरॉइडचा संस्थापक एडविन लँड. १९४३ साली सुट्टीवर असताना त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, आत्ता काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही? त्याने १९४७ मध्ये मिनिटभरात फोटो करून दाखवला, पुढच्या वर्षी कॅमेरा विकायला आणला आणि १९७२ मध्ये एसएक्स-७० हा कॅमेरा, ज्याचा फोटो काही न सोलता आपोआप बाहेर येऊन उमटायचा. २००८ मध्ये पोलरॉइडने ही फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेचा शेवटचा कारखाना आणि तिथली यंत्रं काही वेड्यांनी राखली. जुनी रसायनं मिळेनाशी झालेली, म्हणून कृती नव्याने शोधली आणि २०१० मध्ये फिल्म पुन्हा बाजारात आणली. मामांचा कॅमेरा गुरगुरला तो त्यांच्या कृपेने.

या फिल्मचं पाकीट आठचं. फोटो मोठा, चौकोनी, मऊ रंगांचा, पण नाजूक. बाहेर आल्या आल्या उजेडापासून झाकायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पहिला फोटो आजीचा काढला, पालथा तिच्या मांडीवर ठेवला आणि वर तिचा तळवा ठेवायला सांगितलं.

“अंडं उबवतेय का मी?”

“पंधरा मिनिटं, आजी.”

ती खरंच हलली नाही. दर दोन मिनिटांनी “बघू?” विचारायची, मी “नको” म्हणायचे. घरातले एकेक जण येऊन भोवती बसत गेले, कुणाच्याही हातात मोबाइल नव्हता, आणि सगळे एका पालथ्या कागदाकडे बघत होते. उलटा केल्यावर आजीने तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

“मागे तुझ्या आजोबांची खुर्ची आलीय बघ. मी मात्र फार म्हातारी दिसते.”

“आजी, चौऱ्याऐंशी वर्षांची आहेस तू.”

“फोटोत कशाला दिसायला पाहिजे?”

फोटो तिच्या चष्म्याच्या डबीत गेला. मी मागितला, मिळाला नाही.

आता घ्यावा का? माझ्या मोबाइलमध्ये अकरा हजार फोटो आहेत, त्यातला एकही कुणी चष्म्याच्या डबीत ठेवलेला नाही. पण धारदार, बारकावे दाखवणारे फोटो हवे असतील तर हा कॅमेरा घेऊ नका, मोबाइल शंभर पटींनी सरस आहे. लहान मुलांच्या पळापळीला घेऊ नका. हात सैल असेल तरही जपून, कारण खरा खर्च कॅमेऱ्याचा नाही, फिल्मचा आहे आणि तो संपत नाही. मला स्वतःला हा टोचणारा खर्च मानवला. आकडा ३ वर आला की मी कुणाला थांबवून “जरा उजेडात या” म्हणते, हे मोबाइलवर कधी केलं नाही. आधी पडद्यावर बघून पसंत पडेल तोच छापणारे संकरित कॅमेरेही मिळतात. एका मैत्रिणीकडे आहे. सोय म्हणून उत्तम, फुकट जाणारं पाकीट नाही. तिच्याकडे बिघडलेल्यांचं खोकं मात्र नाही, आणि मी तिला बिचारी म्हणते तेव्हा तिला ते पटत नाही. हव्या तेवढ्या प्रती निघतात म्हणून ती फोटो देताना विचारही करत नाही. माझा मात्र एकच असतो, दिला की गेला.

याचा तोटाही आहे, तो वॉचमन काकांनी दाखवला. गेल्या वर्षी त्यांचे गेटपाशी दोन फोटो काढले होते. पहिला फार जवळून, त्यात अर्धा चेहरा आणि टोपी गायब. दुसरा झकास, तो त्यांना दिला. परवा संध्याकाळी ते दारात आले.

“ताई, तो फोटो मुलगी घेऊन गेली. अजून एक आहे का?”

निगेटिव्ह नसते, कॉपी निघत नाही, हे मी त्यांना दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावण्याऐवजी खोकं आणलं आणि पायरीवर उघडून ठेवलं. त्यांनी सगळे बघितले. मांजरीच्या शेपटापाशी हसले. मग स्वतःचा अर्धा चेहरा शोधून काढला आणि दिव्याखाली धरला.

“हा कोण देणार होता मला?”

“काका, तो बिघडलाय. एक कान नाहीये त्यात.”

“माझा कान मला माहितेय की.”

त्यांना मागे तारीख लिहून हवी होती. मागची बाजू काळी, बॉलपेन उठेना. मग मार्कर आणला आणि पुढच्या रुंद पांढऱ्या पट्टीवर लिहून दिली. वहीत आता दिलेले २८८, खोक्यात ४०.